डॉ. विल्यम कॅरी आणि शनिवारची सभा

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये डॉ. विल्यम कॅरी ह्यांचे नाव ठाऊक नाही असा उपदेशक क्वचितच आढळेल. त्यांनी पवित्र शास्त्राची भाषांतरे केली, छापखाना उभारला, पाठशाळा काढल्या, हे पुष्कळांनी वाचले किंवा ऐकले आहे. आपणां मराठी लोकांवर तर त्यांचे विशेष उपकार आहेत. महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तरी वैद्यनाथ नावाच्या पंडितांच्या साहाय्याने बंगाल्यात बसून त्यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला. 1811 साली त्यांच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला.

परंतु आज आम्ही ह्या थोर पुरुषाच्या विद्वत्तेविषयी लिहिण्यास बसलो नाही. पुस्तके लिहिणे हे कठीण काम खरे. पण चार बंधूंबरोबर एका छपराखाली राहणे, त्यांचे उणे सोसणे, आपले उणे कबूल करणे आणि मनात अढी न ठेवता प्रभुभोजनाच्या मेजाशी एकत्र बसणे, हे त्याहून कठीण आहे. आपल्या मंडळ्यांत वर्गणीच्या हिशेबावरून, सोयरिकीवरून किंवा सभेत कोणी पुढे बसावे एवढ्या कारणावरूनही बोलणे तुटते आणि वर्षानुवर्षे तुटलेले राहते, हे आम्ही सांगावयास नको. म्हणून कॅरीसाहेबांच्या चरित्राची ही दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

विल्यम कॅरी ह्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप आरंभी हातमागावर कापड विणीत असे व पुढे गावच्या शाळेचा शिक्षक झाला. घरची स्थिती गरिबीची. मुलास झाडाझुडपांचा व पाखरांचा फार नाद होता. पण उन्हात काम केले म्हणजे त्याच्या अंगास विकार होई, म्हणून शेतीचे काम त्यास झेपेना. तेव्हा चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास जवळच्या गावी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेवले.

तेथे घडलेली एक लहानशी गोष्ट पुढे कॅरी ह्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. नाताळच्या दिवसांत उमेदवार मुलांस दुकानदारांकडून काही नाणी बक्षीस मिळत. एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने ह्या मुलास एक शिलिंग दिला, तो खोटा निघाला. मालकाच्या कामासाठी दिलेले पैसे त्याच्याजवळ होतेच. त्याने मनाशी ठरविले की, आपला खोटा शिलिंग मालकाच्या पैशांत घालावा व मालकाचा खरा आपण घ्यावा. घरी परतताना त्याने देवाची प्रार्थनाही केली. पण ती अशी की, एवढी एक लबाडी पचू दे, पुढे मी असे करणार नाही. देवाने ती प्रार्थना ऐकली नाही. मालकाने दुसऱ्या उमेदवारास चौकशीस पाठविले आणि सर्व प्रकार उघडकीस आला. मुलगा लाजेने काळवंडून गेला. कित्येक दिवस रस्त्याने जाताना सर्व लोक आपणांकडेच पाहत आहेत असे त्यास वाटे. पण त्याच दिवसांत त्यास आपल्या अंतःकरणाची खरी ओळख पटली, आणि देवाच्या दयेवाचून आपला निभाव नाही हे समजले.

वाचकहो, कॅरीसाहेबांचे नाव दूरवर पसरल्यावर ही गोष्ट त्यांस सहज दडविता आली असती. त्यांनी ती दडविली नाही. आपणांस एकदा मोठी क्षमा लागली होती, हे ज्याच्या स्मरणात राहते, तोच दुसऱ्यास क्षमा करू शकतो. त्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली आम्हांस ह्या खोट्या शिलिंगात दिसते.

1783 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. जोडे शिवीत असताना समोर पुस्तक उघडे ठेवून ते लॅटिन, ग्रीक, इब्री ह्या भाषा शिकले. पुढे ते एका लहान मंडळीचे पाळक झाले. पण पगारात पोट भरेना म्हणून शाळा चालवीत व जोडेही शिवीत. भिंतीवर त्यांनी जगाचा एक मोठा नकाशा स्वतः तयार करून लाविला होता, आणि ज्या देशांत शुभवर्तमान पोहोचले नव्हते त्यांकडे पाहून त्यांचे मन कळवळे. त्यांच्याच प्रेरणेने 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंग गावी काही गरीब पाळकांनी एकत्र जमून मिशन सोसायटी स्थापन केली. पहिली वर्गणी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स एवढीच जमली. पुढच्याच वर्षी स्वतः कॅरी हिंदुस्थानास निघाले.

त्यांचे सोबती डॉक्टर जॉन थॉमस हे होते. थॉमस ह्यांचे मन प्रेमळ व आवेश मोठा. परंतु पैशाच्या बाबतीत त्यांस धरबंध नव्हता. नोव्हेंबर 1793 मध्ये ही मंडळी कलकत्त्यास पोहोचली. सर्वांचे पैसे थॉमस ह्यांच्या हाती होते. थोड्याच दिवसांत ते संपले. थॉमस शहरात खर्चाने राहत होते, आणि इकडे कॅरी ह्यांची पत्नी डॉरोथी, तिची बहीण व चार मुले परक्या देशात, परक्या हवेत, भाषा येत नाही, ओळख नाही, अशा स्थितीत जवळजवळ उपाशी राहावयाच्या बेतास आली होती. घरात आजार होता. पत्नीचे बोल ऐकावे लागत होते, आणि ते अगदीच अन्यायाचे होते असेही म्हणता येत नाही. पुढे सुंदरबनाच्या जंगलाकडे जाऊन जमीन साफ करून राहण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

अशा वेळी मनुष्याच्या मनात सोबत्याविषयी किती कडवटपणा यावा! कॅरी ह्यांसही दुःख झाले. परंतु त्यांनी थॉमसशी संबंध तोडला नाही. त्यांच्या दोषाबरोबर त्यांचा प्रामाणिक कळवळाही ते पाहत राहिले. पुढे 1794 साली थॉमस ह्यांच्याच ओळखीने मालदा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर कॅरी ह्यांस नोकरी मिळाली आणि कुटुंबाच्या अन्नाची सोय झाली. ज्या हाताने अडचणीत घातले त्याच हाताने देवाने सोडविले. कॅरी ह्यांनी तो हात आधीच झिडकारून टाकिला असता तर काय झाले असते?

मदनाबाटीस त्यांजवर आणखी एक दुःख कोसळले. पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने वारला. जातीच्या भयामुळे खाच खणावयास व प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. आधीच खचलेल्या डॉरोथीबाईंचे चित्त त्यानंतर भ्रमिष्ट झाले. त्या आपल्या नवऱ्यावर नाही नाही ते आरोप चारचौघांत करीत. कधी अंगावर धावूनही जात. त्यांस वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असे पुष्कळांनी सुचविले. पण तेथे त्यांचे हाल होतील म्हणून कॅरी ह्यांनी ते केले नाही. 1807 च्या डिसेंबरात बाईंचा अंत झाला. तोपर्यंत सुमारे बारा वर्षे त्यांनी त्यांस आपल्याच घरी सांभाळिले. पलीकडच्या खोलीतून ओरडणे ऐकू येत असता अलीकडच्या खोलीत ते पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत बसत. हे वाचून कॅरी ह्यांची थोरवी सांगणे सोपे आहे. परंतु त्या बाईचेही स्मरण आम्ही आदराने करावे. इच्छा नसता ती समुद्र ओलांडून आली, आणि ह्या देशाच्या कामासाठी तिने आपल्या मनाची शांतीही गमाविली.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे वळतो. 1799 साली इंग्लंडाहून आणखी काही मिशनरी आले. त्यांत जॉशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे दोघे होते. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांस राहू देत नसे. कलकत्त्याच्या वर हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर नावाचे गाव डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. (हे बंगाल्यातील श्रीरामपूर, महाराष्ट्रातील नव्हे.) तेथील गव्हर्नराने ह्या मंडळीस आसरा दिला. 10 जानेवारी 1800 रोजी कॅरी आपले कुटुंब घेऊन तेथे आले.

हे तिघे एकमेकांपासून फार भिन्न होते. मार्शमन हे शाळामास्तर. कामात अत्यंत चिकाटीचे, पण बोलण्यात काहीसे ताठर. वॉर्ड हे मुद्रक व पूर्वी वर्तमानपत्राचे संपादक. त्यांस माणसांची मने ओळखण्याची हातोटी होती. कॅरी हे अतिशय मवाळ. नाही म्हणणे त्यांस जमत नसे. त्यामुळे त्यांची मुलेही धाकाबाहेर गेली होती. शिवाय प्रत्येकाची कुटुंबे, मुलेबाळे, आजारपणे. अशा लोकांनी एकच घर, एकच स्वयंपाक व एकच थैली ठेवून राहावे असे ठरविले. आपल्या गावातील दोन सख्खे भाऊ एका चुलीवर किती दिवस राहतात हे वाचकांस ठाऊकच आहे!

त्यांस स्वतःच्या स्वभावाचा भरवसा नव्हता, म्हणूनच त्यांनी पहिल्याच आठवड्यात नियम केले. घरचा कारभार एका महिन्यास एकाने पाहावा, दुसऱ्या महिन्यास दुसऱ्याने. कोणी कायमचा वरिष्ठ नाही व कोणी कायमचा चाकर नाही. उपदेश व प्रार्थना सर्वांनी आळीपाळीने करावी. कोणी स्वतःसाठी खाजगी व्यापार करू नये. जे मिळेल ते सर्वांच्या थैलीत जावे. आणि एक नियम असा केला की, दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, आठवड्यात जे मतभेद व रुसवे झाले असतील ते उघड बोलून मिटवावे, व एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा द्यावे.

ह्या शनिवारच्या सभेचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. भांडण होणारच नाही अशी आशा त्या लोकांनी धरली नाही. भांडण होईल हे धरून त्यांनी त्याची वेळ ठरवून टाकिली. आठ दिवसांपेक्षा जुने भांडण घरात राहता कामा नये, असाच ह्याचा अर्थ झाला. दुसरे असे की, पाठीमागे बोलावयाचे ते समोर बोलावे लागे, त्यामुळे चहाडीस जागा उरत नसे. तिसरे असे की, दुसरे दिवशी प्रभूचा दिवस येई. आपले अर्पण वेदीपाशी ठेवून आधी बंधूशी समेट करावयास जाण्याची आज्ञा आपल्या प्रभूने दिली आहे; ती पाळण्यास शनिवारची संध्याकाळ ही योग्य वेळ होय.

ह्या राहणीचे फळ कॅरी ह्यांच्या घरातही दिसून आले. त्यांच्या मुलांस वॉर्ड ह्यांनी आपल्या हाताखाली घेतले व मार्शमनबाई हॅना ह्यांनी त्यांस मायेने व शिस्तीने वाढविले. आपली मुले दुसऱ्यांनी सुधारावी हे कबूल करणे बापास किती जड जाते! कॅरी ह्यांनी ते मान्य केले. थोरला मुलगा फीलिक्स त्याच वर्षी विश्वासात आला.

त्या वर्षाच्या अखेरीस देवाने त्यांस मोठा आनंद दाखविला. कृष्णपाल नावाच्या सुताराचा हात निखळला होता. तो बसविण्यास डॉक्टर थॉमस गेले. होय, ज्यांनी सात वर्षांपूर्वी कॅरी कुटुंबास संकटात लोटले तेच थॉमस. हात बसविता बसविता त्यांनी त्या मनुष्यास तारणाऱ्याविषयी सांगितले. 22 डिसेंबर 1800 रोजी कृष्णपाल व त्याचा सोबती गोकुल हे मिशनऱ्यांबरोबर जेवावयास बसले व त्यांनी जातीचे बंधन तोडिले. गावात मोठी गडबड झाली. जमावाने त्यांस ओढीत अधिकाऱ्यापुढे नेले, परंतु त्याने त्यांस सोडून दिले. 28 डिसेंबर रोजी हुगळी नदीत कॅरी ह्यांनी आपला मुलगा फीलिक्स व कृष्णपाल ह्या दोघांस एकाच वेळी बाप्तिस्मा दिला. साहेबाचा मुलगा व बंगाली सुतार हे एकाच पाण्यात उतरले. थॉमस ह्यांस इतका हर्ष झाला की त्यांचे चित्त काही दिवस ठिकाणावर राहिले नाही; पुढल्या वर्षी ते वारले. श्रीरामपूरच्या मंडळीचे हे पहिले फळ ज्याच्या हातून आले, त्या मनुष्यास कॅरी ह्यांनी क्षमा केली होती, हे आम्ही विसरू नये.

मंडळी वाढू लागली तसा जातीचा प्रश्न पुढे आला. श्रीरामपूरच्या बंधूंनी आरंभापासून ठरविले की, प्रभूच्या मेजाशी उच्चनीच असा भेद चालावयाचा नाही. 1803 साली कृष्णप्रसाद नावाचा बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण तरुण आणि कृष्णपाल सुताराची मुलगी ह्यांचा विवाह कॅरी ह्यांनी लाविला, आणि सुताराच्या घरच्या त्या मेजवानीस मिशनरी जाऊन जेवले. त्याच वर्षी गोकुल वारला. त्या काळी ख्रिस्ती मनुष्याचे प्रेत पैसे घेणाऱ्या हलक्या मानलेल्या लोकांकडून वाहून नेण्याची रीत होती; आप्त किंवा बंधू खांदा देत नसत. गोकुलाच्या पेटीस मात्र चौघांनी खांदा दिला: मार्शमन, फीलिक्स कॅरी, पूर्वी ब्राह्मण असलेला भैरव आणि पूर्वी मुसलमान असलेला पीरू. सारे गाव रस्त्यावर उभे राहून पाहत होते. कोणत्याही उपदेशाने जे समजले नसते ते त्या दिवशी लोकांस समजले. आपल्या गावी कोणा गरीब विश्वासणाऱ्याचे मरण झाले म्हणजे खांदा द्यावयास कोण कोण येतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

1801 साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगालीचे शिक्षक म्हणून कॅरी ह्यांची नेमणूक झाली. पुढे संस्कृत व मराठी ह्याही भाषा ते शिकवू लागले. पगार आरंभी महिना 500 रुपये होता, तो पुढे 1000 रुपये झाला. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. त्यांतून स्वतःच्या अन्नवस्त्रापुरते थोडेसे ठेवून बाकी सर्व ते सामाईक थैलीत टाकीत. मार्शमन पतिपत्नी शाळांचे उत्पन्न व वॉर्ड छापखान्याचे उत्पन्न तसेच टाकीत. कोणी किती घातले ह्याची बरोबरी कोणी केली नाही.

मान वाढला तरी कॅरीसाहेब आपला जुना धंदा विसरले नाहीत. एकदा गव्हर्नर जनरलच्या घरी मेजवानी असता एका लष्करी अधिकाऱ्याने शेजाऱ्यास हळूच विचारिले की, हे डॉक्टर पूर्वी जोडे बनवीत असत ना? ते शब्द कॅरी ह्यांच्या कानी पडले. त्यांनी पुढे होऊन त्या गृहस्थाची चूक सुधारली की, नवे जोडे बनविण्याइतकी आपली योग्यता नव्हती, आपण जुने जोडे दुरुस्त करीत होतो. ज्या धंद्यावरून आपल्या देशात मनुष्यास वेशीबाहेर ठेवीत आले, तो धंदा आपला होता हे सांगावयास त्यांस लाज वाटली नाही. आमच्या मंडळ्यांतील कित्येक शिकलेली मुले आपल्या आईबापांचा धंदा सांगताना मान खाली घालतात. त्यांनी हे चरित्र वाचावे.

11 मार्च 1812 रोजी संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. वॉर्ड व इतर बंधूंनी दारेखिडक्या बंद करून ती कोंडून विझविण्याची शिकस्त केली. पण कोणी तरी खिडकी उघडली आणि ज्वाळा भडकल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. कागदाचे साठे, अनेक भाषांचे खिळे, भाषांतरांची व कोशांची हस्तलिखिते जळाली. सुमारे दहा हजार पौंडांचे नुकसान झाले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. सकाळी मार्शमन ह्यांनी जाऊन ही बातमी त्यांस सांगितली. संध्याकाळी ते श्रीरामपुरास आले व जळक्या राशीत फिरताना त्यांचे डोळे भरून आले. परंतु त्यांनी कोणास बोल लाविला नाही. देवास आपल्या वस्तूंची वाटेल तशी व्यवस्था करण्याचा अधिकार आहे, आणि त्यापुढे नम्र होणे हे आपले कर्तव्य आहे, असा उपदेश त्यांनी पुढील रविवारी केला. मग ते पुन्हा लिहावयास बसले. वॉर्ड ह्यांनी राखेतून धातू गोळा करून नवे खिळे ओतविले. इंग्लंडातील भावांनी दोन महिन्यांच्या आत सर्व नुकसान भरून काढिले.

येथे चरित्र संपविले तर ते गोड वाटेल, परंतु खरे होणार नाही. आगीपेक्षा मोठी परीक्षा पुढे होती व ती बंधूंकडून आली. इंग्लंडाहून नवे तरुण मिशनरी आले. त्यांत कॅरी ह्यांचा पुतण्या युस्टेस हाही होता. त्यांस जुन्या लोकांचा कारभार पसंत पडेना. विशेषेकरून मार्शमन ह्यांच्याशी त्यांचे पटेना. त्यांनी निराळे होऊन कलकत्त्यास आपले वेगळे काम सुरू केले. इंग्लंडातही जुने स्नेही वारले होते. नवी कमिटी ह्या वृद्धांस ओळखीत नव्हती. श्रीरामपूरचे लोक चैनीत राहतात, पैसा साठवितात, असे आरोप छापून प्रसिद्ध झाले. ज्यांनी आयुष्याची सारी मिळकत देवाच्या कामास दिली त्यांविषयी असे बोलले गेले!

सर्व दोष मार्शमन ह्यांजवर ठेवून कॅरी ह्यांस निराळे काढण्याचाही प्रयत्न झाला. मार्शमन ह्यांचे दोष कॅरी ह्यांस सर्वांहून अधिक ठाऊक होते. वीस वर्षे ते त्यांच्याबरोबर शनिवारच्या सभेत बसत आले होते. परंतु त्यांनी आपल्या बंधूस सोडून स्वतःची अब्रू राखण्याचे नाकारिले. त्यांस मनस्वी क्लेश झाले, आणि त्यांच्या त्या काळच्या पत्रांत कधी कधी तिखट शब्दही आले आहेत. तेही आपल्यासारखेच मनुष्य होते. पण पुतण्याविषयी त्यांनी वैर धरिले नाही. 1823 साली वॉर्ड वारले. 1827 साली श्रीरामपूरचे मिशन व इंग्लंडातील सोसायटी ह्यांची फारकत झाली. जी सोसायटी त्यांनी स्वतः जन्मास घातली तिच्यापासून त्यांस असे वेगळे व्हावे लागले. पुन्हा एकी झाली ती 1837 च्या अखेरीस. तेव्हा कॅरी ह्यांस जाऊन तीन वर्षे लोटली होती.

हा भाग आम्ही मुद्दाम लिहिला आहे. कित्येकांस वाटते की, आपण क्षमा केली म्हणजे समोरचा मनुष्य लगेच बदलला पाहिजे व समेट आपल्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. तसे नेहमी होत नाही. थॉमस ह्यांस केलेल्या क्षमेचे फळ कॅरी ह्यांस सात वर्षांत दिसले. ह्या दुसऱ्या भांडणाचा शेवट पाहावयास ते जगले नाहीत. तरी क्षमा करणे हे दोन्ही वेळी सारखेच त्यांचे कर्तव्य होते, आणि देवास दोन्ही सारखीच मान्य झाली असे आम्ही मानतो. आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. जे एका घरात राहून दर शनिवारी समोरासमोर बसत त्या तिघांची प्रीती मरेपर्यंत टिकली. दुरून पत्रे लिहून व छापून जे वाद घातले गेले ते मात्र वीस वर्षे मिटले नाहीत.

कॅरीसाहेबांच्या शेवटच्या दुखण्यात अलेक्झांडर डफ नावाचे तरुण स्कॉच मिशनरी त्यांस भेटावयास गेले. डफ ह्यांनी त्यांच्या कामाची पुष्कळ वाखाणणी केली. ते निघाले तेव्हा वृद्धाने त्यांस मागे बोलावून सांगितले की, आपण गेल्यावर डॉक्टर कॅरीविषयी बोलू नये, तर कॅरीच्या तारणाऱ्याविषयी बोलावे. 9 जून 1834 रोजी बहात्तर वर्षांचे असता ते प्रभूकडे गेले. श्रीरामपूरच्या इमारतींवर व जमिनीवर आपला काही एक हक्क नाही, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. आपली दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी साध्या रीतीने पुरावे, आणि दगडावर नाव, जन्ममरणाची साले व देवाच्या दयेवर टेकणाऱ्या दीन पाप्याची एक लहानशी कवने ह्यांखेरीज काही कोरू नये, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळण्यात आली. खोटा शिलिंग घेऊन घरी जाणाऱ्या मुलाने जी दया मागितली होती, तीच त्या वृद्धाने आपल्या थडग्यावर मागितली.

प्रिय बंधुभगिनींनो, डॉ. कॅरी ह्यांच्याप्रमाणे अनेक भाषा शिकणे आपणांस साधणार नाही. परंतु शनिवारची सभा प्रत्येक गावी होऊ शकते. तिला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, मिशनरीही लागत नाही. पंच व पाळक ह्यांनी दर शनिवारी दिवेलागणीस आपल्या लोकांस एकत्र करावे. ज्याच्या मनात काही असेल त्याने ते समोर बोलावे. ज्याचे चुकले असेल त्याने ते कबूल करावे. आणि प्रार्थना करून उठावे. पुढाऱ्यांनी आधी स्वतःची चूक सांगावी, म्हणजे इतरांस धीर येईल. ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे त्याचे नाव हे वाचताना आपणांपैकी प्रत्येकाच्या मनात आलेच असेल. येत्या शनिवारी त्याच्या घरी जाण्यास देव आपणां सर्वांस कृपा देवो.